हॉब बसवण्यापूर्वी स्वयंपाकघरातील जुन्या गॅसपाइपची तपासणी करून मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. विभागीय व्यवस्थापक (ग्राहकसेवा व सुरक्षा),
शहर गॅस वितरण कंपनी

विषय : ओट्यात हॉब बसवण्यापूर्वी मीटरपासून कॉकपर्यंतच्या जुन्या पाइपची सक्तीची तपासणी व तिचा लेखी दाखला

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे, एका जुन्या गृहनिर्माण सहकारी संस्थेचे सभासद, आपल्या कंपनीचे घरगुती पाइप गॅसचे ग्राहक आहोत. आमच्या इमारतींत गॅसची लाइन येऊन वीसहून अधिक वर्षे झाली. तेव्हा ओट्यावर दोन बर्नरची शेगडी असे, पिवळा पाइप भिंतीवर उघडा असे आणि रबरी नळी येताजाता नजरेस पडे. आता घरोघरी ओटे फोडून हॉब बसवले जात आहेत. त्यात पाइप ट्रॉलीमागे जातो आणि नळी ग्रॅनाइटखालच्या कपाटात. एकदा फर्निचर बसले की पुढची दहा-पंधरा वर्षे तिकडे कोणी बघत नाही. तपासणी करायची तर ती फर्निचर बसण्याआधी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

हे निवेदन देण्याची वेळ आली ती आमच्याच एका घरातल्या प्रकारामुळे. जुने कपाट काढल्यावर सिंकमागचा पाइप दिसला. घराच्या रंगाबरोबर तोही कधीतरी रंगवला गेला होता. भिंतीत शिरतो तिथे सिमेंट घट्ट भरलेले, रंगाला फोड आलेले. सुताराने पटाशीच्या टोकाने खरवडले, तर रंगासोबत गंजाचे पापुद्रे निघाले. कोपऱ्यातल्या एल्बोला साबणाचे पाणी लावले आणि बारीक फेस धरू लागला. तोवर ग्रॅनाइट हॉबच्या मापाने कापून झाला होता. वास कोणालाच आला नव्हता. त्या घरात दोघेही सत्तरीच्या पुढचे आणि स्वयंपाक करताना चिमणी चालू, मग गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला उग्र वास तरी नाकापर्यंत पोचणार कसा?

आपल्या मदतकेंद्राला फोन केला. तिथे 'गळती' नोंदवता येते, 'नवीन जोडणी' नोंदवता येते, पण 'हॉब बसवायचा आहे, आधी पाइप बघून द्या' असे नोंदवायची सोयच नाही. अखेर गळती म्हणून नोंद केल्यावर आपला कर्मचारी तत्परतेने आला, हे मुद्दाम नमूद करतो. त्याने कॉक बंद करून चिठ्ठी लावली. पुढे पाइप कोणी बदलायचा, खर्च कोणाचा आणि गॅस कधी सुरू होणार, याचे उत्तर मात्र प्रत्येक फोनवर वेगळे मिळाले. तोवर त्या घरचा स्वयंपाक शेजाऱ्यांनी उसन्या दिलेल्या इंडक्शनवर.

दोष एकट्या कंपनीचा आहे, असे आम्ही म्हणत नाही. हॉब विकणाऱ्याचा माणूस हॉबपुरते पाहतो. सुताराला ट्रॉली सरळ बसवायची असते, पाइप आड आला तर तो वाकवून मागे सारतो. ऑनलाइन मागवलेला हॉब पुष्कळदा सिलिंडरच्या गॅससाठीचा असतो. तो पाइपच्या गॅसला जोडताना योग्य जेट घालण्याऐवजी आहे त्याच जेटचे भोक ड्रिलने मोठे करणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. सिलिंडरचा गॅस साधारण 30 मिलीबार दाबाने शेगडीत येतो, पाइपचा 21 मिलीबारने, आणि दोन्ही वायूही वेगळे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. या सगळ्यांत पाइपची जबाबदारी असलेली एकच बाजू आहे, ती म्हणजे आपली कंपनी. आणि नेमकी तीच त्या वेळी हजर नसते.

यातला धोका आपणास सांगायला नको. तरी एक गोष्ट लक्षात आणून देतो. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, त्यामुळे उघड्या खिडकीच्या स्वयंपाकघरात तो वर जाऊन निघून जातो, या भरवशावर आजवर भागले. हॉबखाली वर ग्रॅनाइट आणि चारही बाजूंनी प्लाय असतो. तिथे गळलेला गॅस तिथेच साचतो. हवेत त्याचे प्रमाण 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान गेले की एक ठिणगी पुरते, आणि हॉबचे लायटर ठिणगीवरच चालते.

सबब आमच्या मागण्या अशा :

पहिली आणि मुख्य मागणी, 'हॉबपूर्व तपासणी' हा नोंदणीचा स्वतंत्र प्रकार फोनवर व अॅपवर सुरू करावा आणि सुतारकाम सुरू होण्याआधीची तारीख ग्राहकाला द्यावी. ही तपासणी नुसता साबण लावून उरकू नये. साबणाने दिसतात ते उघडे सांधे. भिंतीतल्या पाइपची कळा त्यातून कळत नाही. त्यासाठी कॉक बंद करून, दाबमापक लावून दाब टिकतो की उतरतो ते ग्राहकासमोर पाहावे. पाइप भिंतीतून जातो ती जागा मोकळी करून बघावी. रबरी नळीवर छापलेली मुदत आणि हॉबचे जेट हेही त्याच भेटीत तपासावे. शेवटी काय पाहिले, काय आढळले आणि काय बदलायला हवे, याचा मराठीत लेखी दाखला द्यावा. यासाठी वाजवी शुल्क देण्यास आमची ना नाही. मात्र ते आधी जाहीर असावे.

दुसरे, मीटर ते कॉक या भागाची दुरुस्ती कोणी करायची व खर्च कोणी सोसायचा, हे एकदाच लेखी कळवावे. तपासणीत दोष निघून गॅस बंद करावा लागला, तर तो पुन्हा केव्हा सुरू होईल ती तारीख त्याच चिठ्ठीवर लिहावी. गॅस बंद करण्याबद्दल आमची तक्रार नाही, तारीख न देण्याबद्दल आहे. तपासणी मागणाऱ्याचाच स्वयंपाक अडणार असेल, तर पुढच्या वेळी कोणी तपासणी मागणार नाही.

तिसरे, हॉबची जोडणी करण्यास कंपनीने मान्यता दिलेल्या प्लंबरांची यादी संस्थेच्या कार्यालयात लावण्यासाठी द्यावी.

हॉबखालच्या कपाटाला हवेसाठी जाळी किंवा भोके ठेवण्याबाबत एक पानी सूचनापत्र मिळाल्यास ते घरोघरी वाटण्याचे काम संस्था करील. तसेच स्वयंपाकघराच्या नूतनीकरणाला परवानगी देताना आपला दाखला अर्जासोबत मागावा, असा ठराव वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्याचे व्यवस्थापकीय समितीने मान्य केले आहे. पण कंपनी जो दाखला देतच नाही, तो आम्ही सभासदांकडून मागणार कसा? म्हणून आपले उत्तर सभेची नोटीस निघण्यापूर्वी लेखी मिळावे, ही विनंती.

या विषयावर संस्थेच्या कार्यालयात आपल्या सुरक्षा अधिकाऱ्यांसमवेत एक बैठक व्हावी. कोणत्या सदनिकांत हॉबचे काम येत्या काळात निघणार आहे, त्याची यादी निवेदनासोबत जोडली आहे. त्यांपैकी दोन ठिकाणी ओटा फोडण्याचे काम तपासणीसाठी थांबवून ठेवले आहे.

आपले विश्वासू,
संस्थेचे सभासद (सह्यांचे पान सोबत)

प्रत माहितीसाठी : पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ, नवी दिल्ली