संदर्भपत्र लिहायचं कोणी?

ब्रिटनमधल्या वैद्यकीय महाविद्यालयांसाठी अर्ज करण्याची मुदत १५ ऑक्टोबरला संपते. त्यामुळे सप्टेंबर सरत आला की मला येणाऱ्या फोनांचा विषय ठरलेला असतो. मुलगी हुशार, दहावीला पंचाण्णवच्या वर, यूकॅट ही तिथली प्रवेशपरीक्षा देऊन झालेली, गुणही बरे. अर्ज अडलेला असतो तो संदर्भपत्रापाशी. विद्यार्थ्याला शिकवणाऱ्या शिक्षकाने त्याच्याविषयी लिहायचं असतं आणि बारावीला किती गुण मिळतील याचा अंदाजही कळवायचा असतो. पालक विचारतात, "कॉलेजात तिला कोणी ओळखतच नाही हो. क्लासच्या सरांचं पत्र चालेल का?"

कोणी ओळखत नाही, कारण ती कॉलेजात गेलेलीच नाही. अकरावीला 'इंटिग्रेटेड' घेतलं. नाव एका कॉलेजच्या पटावर आणि सकाळपासून रात्रीपर्यंत मुक्काम क्लासच्या अभ्यासिकेत. प्रॅक्टिकलची जर्नल्स परीक्षेच्या तोंडावर मैत्रिणीची बघून उतरवलेली. ज्या लातूर पॅटर्नचा दाखला या सगळ्यासाठी दिला जातो तो मुळात कॉलेजातल्या प्राध्यापकांनी, कॉलेजच्याच वर्गांत जादा तास घेऊन उभा केला होता, हे आज कोणाला आठवतही नाही.

पत्र कसंबसं मिळवता येतं. पण पत्रात लिहावं असं काही त्या दोन वर्षांत घडलेलं नसतं आणि तिथल्या निवडीत नेमकं तेच तपासलं जातं. म्हणून परदेशी प्रवेशाची शक्यता कशी वाढवायची, असं विचारणाऱ्या दहावीच्या पालकांना मी आधी एवढंच सांगतो की मुलाला खऱ्याखुऱ्या कॉलेजात घाला. प्रयोगशाळेत उभं राहू द्या, शिक्षकांना शंका विचारू द्या, दोन वर्षांत एका तरी प्राध्यापकाला तो नावाने आणि स्वभावाने माहीत होऊ द्या. बाकीचं त्यानंतर.

पालकांची तडफड मला समजते. २०२५ साली नीटला २२ लाखांहून अधिक मुलं बसली आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. त्यातल्या निम्म्याच सरकारी. खासगी आणि अभिमत विद्यापीठांची फी ऐकून घरचा हिशेब कोलमडतो आणि मग परदेशाचा विचार सुरू होतो. पण परदेश म्हणजे एकच दार असं समजून सगळे निघतात. ब्रिटनचा रस्ता वेगळा, अमेरिकेचा वेगळा आणि जॉर्जिया-रशिया-कझाकस्तानचा तर पूर्णच वेगळा.

ब्रिटनचंच आधी बघू, कारण तिथे निवड खरोखर होते आणि तयारीला किंमत आहे. इंग्लंडमध्ये वैद्यकीय जागांपैकी साधारण साडेसात टक्केच परदेशी विद्यार्थ्यांसाठी असतात. एका वर्षी वैद्यकीय शाखेसाठी फक्त चार विद्यापीठं निवडता येतात, त्यामुळे ही चार नावं निवडणं हीच अर्जातली सर्वांत मोठी गोष्ट. आपल्याकडे ती नावं प्रसिद्धीवरून निवडतात. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज, लंडनमधली तीन, संपलं. खरं तर यूकॅटचा निकाल परीक्षेनंतर लगेचच हातात येतो, अर्जाच्या मुदतीच्या आधी. एखादं विद्यापीठ यूकॅटच्या गुणांवर कडक चाळणी लावतं, दुसरं शालेय गुणांना जास्त वजन देतं. प्रत्येकाची पद्धत त्यांच्या संकेतस्थळावर लिहिलेली असते. आपल्या गुणांना जिथे खरोखर वाव आहे अशी चार नावं काढायला दोन रविवार पुरतात आणि त्यासाठी कोणालाही पैसे द्यावे लागत नाहीत. बोर्डाचंही तेव्हाच बघून घ्यावं. काही विद्यापीठं सीबीएसई किंवा आयएससीचे गुण थेट धरतात, महाराष्ट्र बोर्डाबाबत प्रत्येकाचं धोरण निराळं, आणि काहींना भारतातली बारावी पुरतच नाही, ए-लेव्हल किंवा आयबी लागतं. हे बारावीच्या सप्टेंबरमध्ये कळून उपयोग नाही.

यूकॅटबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. या परीक्षेत फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी नाही. उतारा वाचून तर्क करणं, माहितीवरून निर्णय घेणं, आकडेमोड आणि अवघड प्रसंगात काय करणं योग्य ठरेल याची पारख, एवढंच आहे. भाषिक तर्काच्या विभागात २२ मिनिटांत ४४ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला अर्धा मिनिट. नीटमध्ये चुकलेल्या उत्तराचा एक गुण वजा होतो, म्हणून खात्री नसेल तर प्रश्न सोडायचा, हे आपल्या मुलांच्या हाडीमांसी खिळलेलं असतं. यूकॅटमध्ये वजा गुण नाहीत. तरीही आपली मुलं दहा-दहा प्रश्न कोरे ठेवून येतात. परीक्षा वर्षातून एकदाच देता येते, त्यामुळे ही सवय सरावातच मोडावी लागते. अधिकृत सराव परीक्षा संकेतस्थळावर फुकट आहेत, आणि माझ्या मते बाजारातल्या महागड्या चाचण्यांपेक्षा त्याच चांगल्या.

आता अर्जात स्वतःविषयी लिहायच्या निवेदनाविषयी. २०२६च्या प्रवेशांपासून त्याचं रूप बदललं आहे. पूर्वी एक सलग निबंध असे, आता तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. हा अभ्यासक्रम का हवा, आजवरच्या शिक्षणाने त्यासाठी काय तयारी झाली आणि शिक्षणाबाहेर तुम्ही काय केलंत. सगळं मिळून चार हजार अक्षरचिन्हांत. या तिसऱ्या प्रश्नापाशी एक मोठा बाजार उभा राहिला आहे. 'प्रोफाइल बिल्डिंग' या नावाखाली ऑनलाइन इंटर्नशिप, दोन दिवसांची संशोधन कार्यशाळा, कुठल्याशा नियतकालिकात पैसे भरून छापलेला लेख. हजारो रुपये मोजून घेतलेली ही प्रमाणपत्रं निवड करणाऱ्यांना काहीही सांगत नाहीत. ब्रिटनमधल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संयुक्त परिषदेने स्पष्ट म्हटलं आहे की अनुभव रुग्णालयातलाच हवा असं नाही. माणसांची काळजी घेण्याचं, त्यांच्याशी बोलण्याचं कुठलंही काम चालेल आणि त्यातून तुम्ही काय शिकलात हे महत्त्वाचं. ज्यांच्या घरी कोणी डॉक्टर नाही अशा मुलांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. डॉक्टर काकांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये कोपऱ्यात उभं राहिलेल्या मुलापेक्षा वृद्धाश्रमात सहा महिने दर रविवारी जेवण वाढणारा मुलगा तिथे पुढे जाऊ शकतो.

हे मी अंदाजाने लिहीत नाही. मुलाखतीची पद्धत पाहिली की ते आपोआप पटतं. बहुतेक ठिकाणी एकच सलग मुलाखत नसते, छोट्या छोट्या खोल्यांची रांग असते. दाराबाहेर कागदावर प्रसंग वाचायचा, घंटा झाली की आत जायचं, पाच ते आठ मिनिटं बोलायचं, पुन्हा घंटा, पुढची खोली. एखाद्या खोलीत नटच बसलेला असतो, चिडलेला शेजारी किंवा घाबरलेला रुग्ण होऊन. परदेशी विद्यार्थ्यांसाठी हेच अनेकदा ऑनलाइन घेतात, पण प्रसंग तेच.

अशा एका सराव मुलाखतीत माझ्यासमोर सोलापूर जिल्ह्यातली एक मुलगी होती. अभ्यासात फार वरची. मी म्हटलं, "मी तुझ्या शेजारची आजी आहे असं समज. मला साखर आहे, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, पण मी घेत नाही. बोल माझ्याशी." तिने श्वास घेतला आणि सुरुवात केली. मेटफॉर्मिन यकृतातली ग्लुकोजची निर्मिती कमी करतं, पेशींचा इन्सुलिनला प्रतिसाद सुधारतो, गोळ्या नाही घेतल्या तर मूत्रपिंडावर, डोळ्यांवर, पायांच्या नसांवर काय परिणाम होतो. एक शब्द चुकीचा नव्हता. पण त्या सगळ्या बोलण्यात 'आजी, तुम्ही गोळ्या का घेत नाही?' हा प्रश्न एकदाही आला नाही.

तिच्या गावात आरोग्य उपकेंद्र होतं. त्या सरावानंतर तिथल्या सिस्टरांना आणि आशाताईंना विचारून ती सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर घरोघर जाऊ लागली. रक्तदाब मोजताना नोंदी लिहून दे, म्हाताऱ्यांच्या गोळ्यांची पाकिटं वाचून दे, अशी साधी कामं. काही महिन्यांनी आम्ही पुन्हा बसलो आणि मी तोच प्रसंग दिला. तिने खुर्ची थोडी पुढे ओढली. "आजी, गोळी घेतली की मळमळतं का? सकाळी उपाशीपोटीच घेता का?" मग थांबली, मला बोलू दिलं. नंतर तिने सांगितलं की गावातल्या एक बाई गोळी अर्धी मोडून घेत होत्या, कारण पाकीट महिनाअखेरपर्यंत पुरवायचं होतं आणि तालुक्याला जायला गाडीभाडं नव्हतं. हे कुठल्या क्लासच्या नोट्समध्ये मिळणार? तिच्या निवेदनातल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एवढ्या एका प्रसंगावर उभं राहिलं आणि ते वाचताना लिहिणारी व्यक्ती समोर दिसत होती.

आपल्याला हा धडा नवा नाही. आनंदीबाई जोशींनी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिलं तेव्हा त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करत नाही, हे त्यांनी त्या पत्रात लपवलं नाही. आजवर काय शिकलो ते सांगितलं आणि पुरुष डॉक्टरकडून उपचार घ्यायला न धजणाऱ्या आपल्या देशातल्या बायकांसाठी हे शिक्षण हवं आहे, असं कारण दिलं. दहा दिवसांचं मूल गमावलेल्या बाईचं ते कारण होतं. कॉलेजने त्यांना घेतलं आणि १८८६ साली त्या पदवीधर झाल्या. आजच्या अर्जात हेच दोन गुण दुर्मीळ झाले आहेत, उणं मान्य करण्याचा आणि कारण स्वतःचं असण्याचा.

अमेरिकेविषयी थोडक्यात. बारावीनंतर थेट एमडीला जाता येत नाही, आधी चार वर्षांची पदवी लागते आणि मग एमकॅट ही प्रवेशपरीक्षा. बरीच महाविद्यालयं परदेशी विद्यार्थ्यांचे अर्जच घेत नाहीत. जी घेतात त्यांतली अनेक अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या कॉलेजात काही काळ शिकल्याची अट घालतात, काही तर फीची मोठी रक्कम आगाऊ बाजूला काढून ठेवायला सांगतात. तिथल्या सरकारचं शैक्षणिक कर्ज परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही. अमेरिकेत डॉक्टर व्हायची इच्छा असेल तर भारतात एमबीबीएस करून यूएसएमएलई या तिथल्या परवाना परीक्षेच्या वाटेने रेसिडेन्सीला जाणं मला बहुतेक मराठी घरांसाठी जास्त शहाणपणाचं वाटतं.

आणि आता तो तिसरा रस्ता, ज्यावर आपली सर्वांत जास्त मुलं जातात. जॉर्जिया, रशिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान. इथल्या बहुसंख्य विद्यापीठांत प्रवेशाची शक्यता वाढवायचा प्रश्नच नाही, पैसे भरले की प्रवेश आहे. शक्यता वाढवायची असते ती परत येऊन डॉक्टर म्हणून काम करण्याची. परदेशातून शिकून आलेल्यांना एफएमजीई ही ३०० गुणांची परीक्षा द्यावी लागते, त्यात १५० हवेत. बसणाऱ्यांपैकी बहुतांश मुलं दरवेळी नापास होतात. पाच-सहा वर्षं आणि घरची जमीन घालून आलेला मुलगा तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला बसतो, तेव्हा त्याच्या वडिलांशी बोलणं फार जड जातं.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२१ मध्ये केलेले नियम पालकांनी स्वतः वाचावेत. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून. त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप. त्या देशात डॉक्टर म्हणून नोंदणी करून व्यवसाय करण्याची पात्रता. परतल्यावर भारतात पुन्हा १२ महिने इंटर्नशिप. आणि जाण्याआधी नीट पात्र असणं तर हवंच, तो निकाल परदेशी प्रवेशासाठी तीन वर्षं चालतो. हीच नीटची अट ब्रिटनला जाणाऱ्यालाही लागू आहे, जर त्याला कधी परत येऊन इथे काम करायचं असेल. कोविडमध्ये चीनमधली मुलं घरी बसून ऑनलाइन शिकत राहिली आणि २०२२ मध्ये युक्रेनमधून हजारो मुलं अर्ध्यावर परतली. त्या दोन्ही वेळी पालक ज्याच्याकडे धावले तो एजंट फोन उचलत नव्हता.

एजंटाने दिलेल्या रंगीत पुस्तिकेत 'आयोगमान्य' असं छापलेलं असतं. आयोग परदेशी विद्यापीठांना अशी सरसकट मान्यता देत नाही, वरच्या अटी पुऱ्या होतात का हे विद्यार्थ्यानेच बघायचं असतं. तेव्हा पैसे भरण्याआधी विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला थेट ईमेल लिहा, मुलालाच लिहायला लावा. अभ्यासक्रम किती महिन्यांचा, इंटर्नशिप कुठल्या रुग्णालयात आणि ती पदवीच्या कालावधीत धरली आहे की वेगळी, रुग्णांशी बोलायला स्थानिक भाषा कुठल्या वर्षापासून शिकवतात, परदेशी पदवीधराला तिथे व्यवसायाचा परवाना मिळतो का. उत्तर सही-शिक्क्यानिशी मागा. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही, किंवा विद्यापीठाऐवजी एजंटाचाच फोन आला, तर ते नाव यादीतून काढून टाका.