उंदीर पाळीव प्राणी आहे हे दिल्लीला माहीत आहे, आपल्या दवाखान्याला नाही

आधी कायद्याचं बोलून घेऊ, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांचं हसून होईल.

केंद्र सरकारने २०१८ साली पेट शॉपसाठी नियम काढले. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालचे हे नियम आहेत. त्यात ‘पाळीव प्राणी’ म्हणजे कोण याची व्याख्या दिलीय. कुत्रा, मांजर, ससा, गिनीपिग, हॅमस्टर आणि त्याच ओळीत उंदरांच्या वर्गातले प्राणी. म्हणजे उंदीर पाळीव असू शकतो, हे मी म्हणत नाही, माझ्या गल्लीतली आठवीतली पोरगी म्हणत नाही, भारत सरकार म्हणतं.

दुसरी गंमत ऐका. हाच पांढरा उंदीर औषधाच्या प्रयोगशाळेत असता, तर त्याच्या प्रयोगाला मंजुरी देणाऱ्या समितीवर एक पशुवैद्य असणं बंधनकारक आहे. त्याला वेदना कमीत कमी व्हाव्यात यासाठी नियम आहेत, आणि वर केंद्राची समिती देखरेखीला आहे. आपल्यासाठी औषध तपासताना मरायच्या उंदराला डॉक्टर आहे. घरात लेकरासारखा वाढवलेल्या उंदराला मात्र अख्ख्या तालुक्यात डॉक्टर नाही. लिहायला बसलो ते याच्यासाठी.

झालं ते थोडक्यात सांगतो. माझ्या गल्लीत एक टेम्पोचालक राहतात. त्यांच्या मुलीने दीडेक वर्षापूर्वी बाजारपेठेतल्या दुकानातून पांढरी उंदराची मादी आणली. नाव चिंगी. या दिवाळीनंतर चिंगीच्या पुढच्या पायामागे गाठ दिसायला लागली. आधी शेंगदाण्याएवढी, मग सुपारीएवढी, मग लिंबाएवढी. माद्यांमध्ये हे फार सर्रास होतं. उंदराच्या मादीचं स्तनाचं पेशीजाल गळ्यापासून जांघेपर्यंत पसरलेलं असतं, त्यामुळे गाठ काखेतही येते, पोटालाही येते. बऱ्याचदा ती साधी असते, कॅन्सरची नसते, पण वाढत राहते आणि जनावराला चालणं मुश्कील करते. वेळेत काढली तर जनावर बरं होतं. हे विकणाऱ्या दुकानदाराने सांगायला हवं होतं की नाही? त्याने पिंजरा विकला, भुसा विकला, खाऊ विकला. दोन-तीन वर्षांचंच आयुष्य असतं हेसुद्धा सांगितलं नाही.

बाप माणूस असा की पुण्याला घेऊन गेला. एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन झालं, गाठ निघाली, चिंगी शुद्धीवर आली. डॉक्टरच्या हाताला नाव ठेवायला जागा नाही. पण हातात काय दिलं? इंग्रजीत चार ओळींचा कागद आणि ‘पाच दिवसांनी आणा’. जखमेची काळजी कशी घ्यायची, काय दिसलं तर घाबरायचं, मधल्या काळात फोन कुणाला करायचा, काही नाही. आपल्याकडे ऑपरेशन म्हणजे उपचार संपला असं धरतात. माणसाचंही तेच. टाके घातले, बिल झालं, चला घरी.

तिसऱ्या दिवशी तिने एक टाका दातांनी ओढून काढला. उंदीर आहे तो, कुरतडणारच. पिंजऱ्यात खाली तोच लाकडाचा भुसा. गाठ काढली की कातडीखाली पोकळी राहते, तिथे पाणी साचतं, त्यात घाण गेली की पू होतो. पाचव्या दिवशी जागा फुगली, गरम लागायला लागली, वास सुटला.

आता खरा तमाशा. गल्लीत प्रत्येक जण वैद्य. एकाने हळद भरायला सांगितली. एकाने डेटॉल. एकाने हायड्रोजन पेरॉक्साइड, ‘फेस आला की समजायचं साफ झालं’. एकाने गोठ्यातला, गुरांच्या जखमेवर मारायचा स्प्रे आणून दिला. अहो, म्हशीच्या पाठीवर मारायचा स्प्रे तीनशे ग्रॅमच्या जीवाला? जो जीव जखमेवर लावलेली प्रत्येक गोष्ट चाटून पोटात घेतो? डेटॉल आणि पेरॉक्साइडने जंतूंबरोबर नवीन येणारं मासही जळतं, जखम भरायची राहते. मेडिकलवाल्याने तर चिठ्ठी न बघता माणसाच्या अँटिबायोटिकची कॅप्सूल काढून दिली आणि वर सल्ला, ‘फोडून चिमूटभर द्या’. साठ किलोच्या माणसाचं औषध आणि तीनशे ग्रॅमचा प्राणी, वजनात दोनशेपटीचा फरक. लहान प्राण्याचं शरीर औषध भराभर वापरतं, त्यामुळे नुसता भागाकार करूनही डोस निघत नाही. तो डॉक्टरनेच काढायचा असतो. उंदराला चालणारं अमॉक्सिसिलिन सशाला किंवा गिनीपिगला तोंडाने दिलं तर आतडी बिघडून जीव जाऊ शकतो. मांजराला पॅरासिटामॉल म्हणजे विष. हे काउंटरवरून अंदाजाने द्यायचं प्रकरण नाही.

मग ते बाप-लेक आपल्या तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. मी सोबत होतो. खुर्चीवरच्या साहेबांनी डबा उघडून बघितला आणि म्हणाले, ‘अहो, इथं जनावरं तपासतो आम्ही. उंदराला औषध घालतात, औषध देत नाहीत.’ पलीकडे बसलेले दोघे खो खो हसले. मुलीने डब्याचं झाकण लावलं. मी नियमाचं सांगितलं तर उत्तर आलं, ‘पत्रकार, तुम्हाला दुसरा विषय नाही का?’

साहेब, नव्हता. म्हणून हाच घेतला.

साहेबांची बाजूही मांडतो, कारण ती खरी आहे. एका माणसाकडे दोन-तीन दवाखान्यांचा चार्ज, लसीकरण, कृत्रिम रेतन, विम्याचे दाखले, ऑनलाइन नोंदी. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा हीच माणसं रात्री-अपरात्री गोठ्यागोठ्यात फिरली, ते मी स्वतः छापलंय. श्रेणी दोनच्या दवाखान्यात तर बहुतेक ठिकाणी पदवीधर डॉक्टरच नसतो, पर्यवेक्षक गाडा ओढतात. सगळं मान्य. पण त्याच दवाखान्यात कुत्र्याला रेबीजची लस मिळते, मांजर तपासलं जातं. म्हणजे ‘फक्त गुरं’ हा नियम नाही, ती सवय आहे. आणि हसायला तर कुठलंच पद रिक्त असायची गरज नव्हती.

आता नेहमीचा प्रश्न येणार, कमेंटमध्ये येण्याआधीच घेतो. ‘ग्रामीण रुग्णालयात माणसाला सलाइन मिळत नाही आणि तुम्ही उंदराचं काय घेऊन बसलात?’ मला सांगा, उंदराला हाकलून दिल्यामुळे आजवर किती माणसांना सलाइन मिळालं? ज्या सरकारी खुर्चीला एक गरजू माणूस हाकलता येतो, तिला दुसराही हाकलता येतो. आज डब्यात उंदीर होता, उद्या टोपलीत कोंबडी असेल, परवा शेळी. शेळीवाली म्हातारी तर पत्रकार सोबत घेऊन येत नाही.

दुसरा आक्षेप, उंदीर रोग पसरवतो. बरोबर. पुण्यात १८९७ चा प्लेग आपण शाळेत शिकलोय, आणि पावसाळ्यात लेप्टोची भीती कोकणात घरोघरी आहे. मग तर डॉक्टर हवाच! एक तेरा वर्षांची मुलगी उघड्या हातांनी पू पुसत होती, नंतर त्याच हातांनी डबा खात होती. पिंजऱ्यात वाढलेला उंदीर आणि गटारातला उंदीर यांत फरक आहे हे खरं, पण पू तो पू. हातमोजे घाल, साबणाने हात धू, चावली तर लगेच माणसांच्या डॉक्टरकडे जा, एवढं तरी कुणी सांगायला नको? जे सार्वजनिक आरोग्याच्या नावाने हाकलतात, त्यांनीच सार्वजनिक आरोग्याचं काम टाळलं.

मार्ग निघाला तो शेजारच्या तालुक्यात. तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी (नाव देत नाही, नाहीतर उद्या त्यांनाच नोटीस) वीस मिनिटं दिली. त्यांनी काय केलं ते सविस्तर लिहितो, कारण तालुक्यात अशी पोरं आणखी असतील.

आधी चिंगीला उबदार टॉवेलात गुंडाळलं. जखमेच्या खालच्या टोकाचे दोन टाके काढले आणि आतला पू बाहेर येऊ दिला. उंदराचा पू घट्ट असतो, आपोआप वाहून जात नाही. मग सुई काढलेल्या सिरिंजने सलाइनचं पाणी आत सोडून पोकळी धुतली, पाणी स्वच्छ येईपर्यंत. आणि तोंड उघडंच ठेवलं. मुलगी घाबरली, ‘काका, शिवणार नाही का?’ डॉक्टर म्हणाले, ‘आत घाण ठेवून वरून शिवलं तर परत फुगेल. ही जखम तळापासून वर भरत यायला पाहिजे.’ वेदनेचं आणि अँटिबायोटिकचं औषध वजनावर काढून थेंबात लिहून दिलं, आणि बरं दिसलं तरी कोर्स मध्येच सोडायचा नाही म्हणून बजावलं.

घरी करायचं काम मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून दिलं. भुसा बंद, खाली टिश्यूचा कागद किंवा दोरे न निघणारं कापड, दिवसातून दोनदा बदलायचं. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ, त्याने सकाळ-संध्याकाळ जखम धुवायची, त्याआधी कोमट कापडाचा हलका शेक. पोविडोन आयोडीन वापरायचंच तर पाण्यात इतकं पातळ करून, की रंग फिक्क्या कोऱ्या चहासारखा दिसला पाहिजे. मलम नको, चाटेल. मऊ खिचडी, थोडं उकडलेलं अंडं, पाणी हाताशी. आणि मला सगळ्यात आवडलेली सूचना ही, की किचनच्या वजनकाट्यावर रोज वजन घेऊन वहीत लिहायचं. उंदीर दुखणं लपवतो. शिकार होणाऱ्या प्राण्याला ते लपवावंच लागतं. पण वजन खोटं बोलत नाही. डोळ्या-नाकाभोवती लाल दिसलं तर रक्त समजून घाबरायचं नाही. तो त्यांच्या डोळ्यामागच्या ग्रंथीचा रंगीत स्राव असतो. पण तो वाढला तर जनावर त्रासात आहे हे नक्की.

पंधरा दिवस त्या पोरीने हे केलं. वही मी बघितलीय. पहिल्या तीन दिवशी वजन उतरलं, मग थांबलं, मग चढलं. जखम आता भरलीय, केस यायला लागलेत. तिला आणखी गाठी येऊ शकतात, डॉक्टरांनी ते लपवलं नाही.

यात महागडं काय होतं? मीठ, पाणी, सिरिंज, एक कागद आणि वीस मिनिटं. यासाठी परळचं मोठं रुग्णालय लागत नाही, शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय लागत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात हे सगळं कपाटात पडून आहे. १९६२ नंबरच्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीतही असेल.

आणि दुकानदार सुटला असं समजू नका. नियमाप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय पेट शॉप चालवता येत नाही, आणलेल्या-विकलेल्या प्राण्यांची नोंद ठेवावी लागते. आपल्या बाजारपेठेत ससे, उंदीर, पक्षी विकणाऱ्या दुकानांत नोंदणीचा कागद मी शोधला, मला कुठे दिसला नाही. असेल तर दाखवा, फोटो इथेच टाकतो. (एका ठिकाणी पिंजऱ्यात देशी पोपटही दिसले. देशी पोपट विकणं आणि पाळणं दोन्ही गुन्हा आहे. तो विषय वन विभागाचा, त्यांच्याशी वेगळं बोलणं चालू आहे.)

तर सोमवारी सकाळी अकरा वाजता पंचायत समितीत पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज देतोय. मागण्या तीनच. आठवड्यातून एक दिवस दोन तास लहान प्राण्यांसाठी ठेवा आणि तो वार दारावर लिहा. ऑपरेशननंतर जखमेची काळजी कशी घ्यायची याचं मराठीत छापील पान प्रत्येकाला द्या, मग जनावर म्हैस असो नाहीतर उंदीर. आणि तालुक्यातल्या पेट शॉपची तपासणी करून नोंदणी असलेल्यांची यादी जाहीर करा. अर्जाला २०१८ च्या नियमांमधलं व्याख्येचं पान जोडलंय, त्यातली ‘उंदीर’ ही ओळ पिवळ्या मार्करने रंगवलीय.

ज्यांच्या घरी ससा, हॅमस्टर, गिनीपिग, उंदीर आहे आणि ज्यांना कुठल्याही दवाखान्यातून हसून परत पाठवलंय, त्यांनी तारीख आणि काय झालं ते मला इनबॉक्समध्ये लिहा. नाव छापणार नाही. सोमवारी सोबत यायचं असेल तर पावणेअकराला एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या गाड्यावर भेटू. ती पोरगी शाळेमुळे येणार नाही, तिने वजनाच्या वहीची झेरॉक्स दिलीय.