रोपवाटिका व्यवसाय बहरला, रोपाच्या हमीचे काय?

हैदराबादच्या नेकलेस रोडवर भरणारा नर्सरी मेळा असो, पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधील जानेवारीचे पुष्पप्रदर्शन असो किंवा बंगळूरच्या लालबागेत प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिनानिमित्त होणारे सोहळे असोत, तेथील गर्दी एका बदलाची साक्ष देते. रोपांची खरेदी आता केवळ शेतकरी आणि हौशी बागप्रेमी यांच्यापुरती राहिलेली नाही. गृहसंकुले, महामार्ग, मेट्रो मार्गिका आणि महापालिकांची उद्याने हे या व्यवसायाचे मोठे ग्राहक झाले आहेत. मात्र रोप कोणत्या मातृवृक्षापासून तयार झाले, ते रोगमुक्त आहे का आणि स्थानिक परिसराला मानवेल का, याचे लेखी उत्तर ग्राहकाला क्वचितच मिळते. व्यावसायिकांच्या मेळाव्यांत नव्या जाती, कुंड्या आणि सिंचनाची साधने यांना जेवढे स्थान मिळते, तेवढे या प्रश्नाला मिळालेले नाही.

आंध्र प्रदेशात राजमहेंद्रवरमजवळील कडियम परिसर हे या व्यवसायाचे ठळक उदाहरण आहे. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातील सुपीक गाळ, मुबलक पाणी आणि जवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग यांच्या बळावर येथे रोपवाटिकांची अखंड वसाहत उभी राहिली. येथून ट्रक भरून रोपे दूरदूरच्या राज्यांत जातात. त्यातून हजारो हातांना काम मिळते. परंतु रोपांबरोबर मुळांभोवतीची माती, त्यातील सूत्रकृमी, बुरशी आणि किडीही प्रवास करतात. रोप अनेक हातांतून फिरल्यावर दोष नेमका कोठे निर्माण झाला, हे शोधणे जवळपास अशक्य होते.

निवड चुकली तर काय होते, हे कोनोकार्पसने दाखवून दिले. लवकर वाढणारे, बारमाही हिरवे आणि गुरे न खाणारे हे विदेशी झाड अनेक शहरांतील दुभाजकांवर आणि उद्यानांत मोठ्या प्रमाणावर लावले गेले. परागकणांमुळे होणारे श्वसनविकार आणि मुळांमुळे भूमिगत वाहिन्यांना पोहोचणारी हानी यांचे कारण देत गुजरातने सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. तमिळनाडूनेही २०२५ मध्ये तोच मार्ग स्वीकारला. आरोग्यावरील परिणामांच्या पुराव्यांबाबत मतभेद असले, तरी लागवडीपूर्वी व्हायला हवी होती ती चर्चा झाडे वाढल्यावर झाली. शोभेचे झुडूप म्हणून भारतात आलेल्या घाणेरीने पुढे जंगलांचा मोठा भाग व्यापला, हा इतिहासही फार जुना नाही.

फळबागांच्या बाबतीत किंमत थेट शेतकरी मोजतो. डाळिंबावरील ‘तेल्या’ हा जिवाणूजन्य रोग बाधित कलमांतूनही पसरतो. संत्रा-मोसंबीचे विषाणूजन्य रोग कलमाच्या डोळ्यातून नव्या बागेत पोहोचतात. चुकीच्या जातीचा उलगडा तर फळ धरल्यावरच, म्हणजे काही वर्षांचा खर्च करून झाल्यावर होतो.

कायद्याची चौकट मात्र अपुरी आहे. १९६६ च्या बियाणे कायद्यातील व्याख्येत रोपे आणि कलमे येतात, पण ती अन्नपिके आणि चारापिके यांची. शोभिवंत झाडे त्याबाहेर राहतात. महाराष्ट्रात फळरोपवाटिकांसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. परंतु राज्याराज्यांतील नियम एकसारखे नाहीत आणि रोपांचा व्यापार राज्यांच्या सीमा सहज ओलांडतो. केंद्रीय कृषी मंत्रालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेल्या बियाणे विधेयकाच्या मसुद्यात रोपवाटिकांच्या नोंदणीची तरतूद आहे, ही त्या दृष्टीने महत्त्वाची बाब ठरते.

युरोपला हा धडा महागात पडला. इटलीच्या पुलिया प्रांतात २०१३ मध्ये झायलेला हा जिवाणू आढळला आणि पुढे ऑलिव्हची असंख्य झाडे वाळली. मध्य अमेरिकेतून आलेल्या शोभेच्या कॉफीच्या रोपांतून तो आला असावा, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघात व्यावसायिकांमधील रोपांच्या व्यवहारासाठी ‘वनस्पती पारपत्र’ आवश्यक झाले. त्यावर शास्त्रीय नाव, उत्पादकाचा नोंदणी क्रमांक, माग काढण्याचा संकेतांक आणि उगमदेश नोंदवलेला असतो.

भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,७६५.६७ कोटी रुपयांच्या ‘स्वच्छ रोप’ कार्यक्रमाला मंजुरी दिली. त्याअंतर्गत देशात नऊ केंद्रे उभारली जाणार असून, महाराष्ट्रात पुणे येथे द्राक्ष, नागपूर येथे संत्रा आणि सोलापूर येथे डाळिंब यांसाठी ती प्रस्तावित आहेत. मात्र हा कार्यक्रम फळपिकांपुरता आहे. शहरांची हिरवाई घडवणारा शोभिवंत रोपांचा व्यापार अद्याप त्याच्या कक्षेबाहेर आहे.

कडक नियमांचा भार लहान रोपवाटिकांना पेलणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. तपासणीचा खर्च आणि परवान्यांचा फेरा यांमुळे छोटा उत्पादक बाजाराबाहेर फेकला गेला, तर हेतूच फसेल. म्हणून सुरुवात सोप्या गोष्टींपासून होऊ शकते. प्रत्येक रोपावर शास्त्रीय नाव, उत्पादकाचे नाव आणि तुकडी क्रमांक असलेली चिठ्ठी, सामायिक तपासणी सुविधा आणि सरकारी निविदांत प्रमाणित रोपांची अट, ही ती पावले होत. त्यांतील पहिले पाऊल उचलण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मेळाव्यांचे आयोजक चिठ्ठीची अट घालू शकतात आणि तिचा पहिला लाभ प्रामाणिक उत्पादकालाच होईल.