मागे राहिलेल्यांचं चर्च

अमेरिकेतल्या नॅशव्हिलचं डाउनटाउन प्रेस्बिटेरियन चर्च म्हटलं की लोक त्याच्या इजिप्शियन खांबांबद्दलच बोलतात. विल्यम स्ट्रिकलंडची १८५१ सालची ती वास्तू आहेच तशी! यादवी युद्धात तिथे जखमी सैनिकांचं इस्पितळही होतं. पण मला विचाराल तर महत्त्वाचं साल १९५५. तेव्हा मूळ मंडळी उपनगरात गेली. मागे राहिलेल्या थोड्यांनी इमारत विकत घेऊन नवं चर्च सुरू केलं. पुढे बेघरांसाठी तिथे जेवणं झाली, ती यांच्यामुळेच.

आपण शनिवारी गाडी काढून समाजसेवेला जातो आणि संध्याकाळी गेटेड सोसायटीत परततो. वाईट नाही हो ते. पण भुकेल्या माणसाला चालत गाठता येईल असं एक तरी दार शहरात उरायला हवं. देणगी लांबूनही देता येते, शेजार नाही. पटतंय का बघा.