पाय टेकवायला जागा

उंच मोटारसायकल घेतलेल्या माणसाला पुण्यात तीन प्रश्न हमखास विचारले जातात. सिग्नलला शेजारी थांबलेला विचारतो, ‘किती देते?’ पेट्रोल पंपावरचा पोरगा विचारतो, ‘कितीला पडली?’ आणि सोसायटीतले काका एकदा गाडीकडे, एकदा माझ्याकडे बघून विचारतात, ‘पाय पुरतात का हो?’ पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं एका वाक्यात देता येतात. तिसऱ्याला मात्र अख्खं सदर लागेल, म्हणून या आठवड्यात तेच.

सरळ उत्तर द्यायचं तर, नाही, पुरत नाहीत. माझी उंची पाच फूट पाच इंच. दोन्ही पाय खाली सोडले की चवडे टेकतात, टाचा अधांतरी राहतात. स्प्लेंडरची सीट जमिनीपासून ७८५ मिलिमीटरवर असते. २०१६ साली आलेल्या पहिल्या हिमालयनची ८०० वर होती, नव्या ४५० ची ८२५ वर. आपल्या चाकणला तयार होणारी केटीएम ३९० ॲडव्हेंचर २०२० मध्ये बाजारात आली ती ८५५ घेऊन, आणि एक्सपल्सच्या ‘प्रो’ची सीट तर ८९१ वर आहे. कागदावर हा फरक दोन-चार बोटांचा. पण आपल्या पायांची लांबी काही वाढवून मिळत नाही, त्यामुळे सिग्नलला ती दोन-चार बोटंच भारी पडतात.

बरं, ही उंची काही मिरवायला दिलेली नसते. दगडधोंड्यांतून जाताना चाकाला वर-खाली व्हायला जागा लागते. नव्या हिमालयनमध्ये ती पुढे-मागे २०० मिलिमीटर आहे. चाक पार वर आलं तरी इंजिनाचं पोट दगडावर आपटू नये, म्हणून इंजिन वर. त्याच्यावर टाकी, आणि माणूस सगळ्यांच्या वर. पुढचं चाक २१ इंची, कारण मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं. या घराण्याचं मूळ १९८० सालच्या बीएमडब्ल्यू आर ८० जी/एस या गाडीपर्यंत जातं. पुढच्याच वर्षी ह्यूबेर ओरिओल या फ्रेंच स्वाराने तिच्यावर पॅरिस-डाकार शर्यत जिंकली आणि वाळवंट तुडवणारी गाडी रस्त्यावरही चालते, हे जगाला पटलं. २००४ मध्ये युअन मॅग्रेगर हा नट आणि त्याचा मित्र चार्ली बूरमन असल्याच गाड्यांवरून लंडनहून पूर्वेकडे निघून न्यूयॉर्कला पोचले, त्यावर टीव्ही मालिका निघाली, आणि ऑफिसात बसून नकाशे बघणाऱ्या लाखो लोकांना खूळ लागलं. त्यांतलाच मी एक. सहारासाठी मांडलेलं गणित मला रोज कर्वे रस्त्यावर सोडवावं लागतं.

चालवायला ही गाडी अजिबात अवघड नाही. पहिला गिअर पडला, चाकं चार हात फिरली, की दोनशे किलोंच्या आसपासचं वजन कुठे गेलं ते कळतसुद्धा नाही. हँडल रुंद, पाठ ताठ, नजर मोटारींच्या टपावरून पलीकडे जाते. पुढे तिसरी रिक्षा का थांबली आहे, ते आपल्याला त्या रिक्षावाल्याच्या मागच्या दोघांआधी कळतं. स्पीडब्रेकरवर जरासं उभं राहिलं की गाडी खालून निघून जाते. अवघड आहे ते थांबणं. उंच गाडीच्या माणसाला थांबण्याआधी, पाय कुठे पडणार आहे, ते बघून ठेवावं लागतं.

साध्या गाडीवर आपण जमिनीकडे बघतच नाही. इथे मात्र चाळीस-पन्नास फुटांवरूनच हिशेब सुरू होतो. डावीकडे चेंबरचं झाकण खचलंय का? खडी पसरली आहे का? पेव्हर ब्लॉक हलतोय का? रस्त्याची कड हा तर वेगळाच विषय. आपल्याकडे जुनं डांबर न खरवडता त्यावर नवा थर चढवण्याची रीत आहे. त्यामुळे कित्येक रस्त्यांवर डांबर वर आणि साईडपट्टी चांगली चार बोटं खाली. कडेला थांबून डावा पाय सोडला की तो डांबराऐवजी त्या खालच्या पट्टीवर जातो. म्हणजे जिथे आधीच बोटभर कमी पडत होतं, तिथे आणखी चार बोटांची भर. म्हणून मी कडेला न थांबता हातभर आत थांबतो. मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू दे.

थांबण्याचीही एक पद्धत बसून जाते. दोन्ही पायांच्या चवड्यांवर डुलत उभं राहण्यात अर्थ नसतो. गाडी थांबता थांबता बूड जरा डावीकडे सरकवायचं, डावा पाय अख्खा टेकवायचा आणि उजवा ब्रेकवरच ठेवायचा. घाटात चढावर थांबायचं असेल तर हे फार कामाला येतं, कारण तिथे उजवा पाय ब्रेकवरून काढला की गाडी मागे यायला लागते. या गाड्या शक्यतो वेगात पडत नाहीत, शून्यावर पडतात. पाय टेकतो आहे असं वाटतं, तिथे जमीन नसते, गाडी एका बाजूला कलायला लागते, आणि ठरावीक कोनापलीकडे गेली की तिला धरून ठेवणं माणसाच्या आवाक्यात राहत नाही. सतरा लिटरची टाकी भरलेली असेल तर साडेबारा किलो पेट्रोल नेमकं सगळ्यात वर. अशा वेळी पाय बाजूला घेऊन सोडून द्यावी. लेगगार्डवर ओरखडा येतो, फार तर क्लचचा लिव्हर तुटतो, आणि तो वीतभर तुकडा जास्तीचा जवळ ठेवता येतो. उचलताना पाठ गाडीकडे करायची, सीटला कंबर टेकवायची, एका हातात हँडल, दुसऱ्यात मागची पकड, आणि जोर पायांवर घेत मागे-मागे चालायचं. वाकून उचलायला जाणाऱ्याची कंबर धरते.

उंची कमी करता येते की, असं सांगणारे भेटतात. सीटवाल्याकडून फोम कापून घेता येतो. मग शंभर किलोमीटरनंतर तोच फोम आठवतो. शॉकअपची लिंक बदलून गाडीच खाली बसवता येते. पण मग साईड स्टँड लांब पडतो, गाडी उभीच्या उभी राहते आणि वाऱ्याच्या झोतानेसुद्धा उजवीकडे जाऊ शकते. शिवाय ज्या पोटाखालच्या जागेसाठी पैसे मोजले, तीच गेली. सगळ्यात स्वस्त उपाय जाड सोलचे बूट.

साईड स्टँडचं नाव निघालंच आहे. यांतल्या बऱ्याच गाड्यांना मधला स्टँड नसतो, त्यामुळे सगळा भार त्या एका पायावर. डावीकडची जमीन वर असेल तर गाडी सरळ होते आणि पलीकडे पडायला बघते. फार खाली असेल तर इतकी कलते की पुन्हा सरळ करताना घाम फुटतो. पावसाळ्यात ताम्हिणीत कडेच्या मातीवर लावली तर चहा येईपर्यंत स्टँड रुतत जातो. त्यासाठी मी जुन्या चॉपिंग बोर्डचा हातपंजाएवढा तुकडा कापून, त्याला भोक पाडून सुतळी ओवली आहे. फळी जमिनीवर टाकायची, तिच्यावर स्टँड टेकवायचा, सुतळी हँडलला अडकवायची. निघताना गाडीवर बसल्या बसल्या ओढून घ्यायची, कारण एकदा वर बसल्यावर वाकून जमिनीवरची वस्तू उचलणं या उंचीवरून जमत नाही. टपरीवर लोक दोनशे किलोची गाडी सोडून त्या सुतळीकडेच बघतात.

सोसायटीच्या पार्किंगला उतार असतो, हेही मला या गाडीनेच शिकवलं. नाक भिंतीकडे करून उतारावर लावली तर बाहेर काढायला वॉचमन लागतो, कारण बसून पायांनी मागे रेटायला टाचा टेकायला हव्यात. म्हणून रोज उतरून, डावीकडे उभं राहून, टाकीला मांडी टेकवून ती उलटी आत घालायची. शेजारच्यांची स्कूटर एका हाताने, फोनवर बोलत बोलत आत जाते. आपण बघून न बघितल्यासारखं करायचं.

मागे बसणाऱ्याचे हाल वेगळे. आईने पहिल्यांदा मागची सीट बघितली तेव्हा ती म्हणाली, ‘अरे, ह्याच्याबरोबर शिडी देत नाहीत का?’ आता ती जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर हेल्मेट घालून उभी राहते आणि मी गाडी पायरीला लावतो. साडी नेसलेली असली की एका बाजूला बसते. साडी गार्ड मी काढलेलं नाही. ऑफ-रोडवाली मंडळी ते शोरूममधून बाहेर पडल्या पडल्या काढून टाकतात. पण मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं निदान अर्धं चाक झाकलेलं हवं, असं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमात लिहिलेलं आहे, आणि आईचा पदर त्या नियमाहून जुना आहे. गंमत म्हणजे ती बसली की मागचा शॉकअप दबतो, गाडी बोटभर खाली येते आणि माझी टाच टेकते. ‘आई, तू बसलीस ना की मला बरं पडतं,’ असं मी म्हणतो. तिला वाटतं, मी तिच्या वजनावर बोलतोय.

बाकी लहानसहान कटकटी आहेतच. रेडिएटरचा पंखा मे महिन्यात नेमका सिग्नलला सुरू होतो आणि सगळी गरम हवा नडगीवर सोडतो. पुढचं मडगार्ड चोचीसारखं वर, त्यामुळे चिखल थेट बुटांवर. दोन्ही बाजूंना पेट्या लावल्या की पाय फिरवून बसता येत नाही. डाव्या फूटरेस्टवर उभं राहून चढावं लागतं, आणि तेवढा वेळ गाडी फक्त स्टँडच्या भरवशावर. आणि दिवा! १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाईट इंजिनाबरोबर आपोआप लागतो, त्याला बटणच नसतं. पण समोरून येणारे भले लोक अजूनही मूठ उघडून-मिटून ‘लाईट चालू आहे’ म्हणून खुणावतात. उंच गाडीचा दिवा उंचावर, त्यामुळे मला खुणा जरा जास्तच होतात. मी मान डोलावून आभार मानतो.

सगळ्यात मोठा विनोद रस्त्यांचा आहे. ज्या जातीच्या गाड्या १९,०२४ फुटांवरच्या उमलिंग लापर्यंत जाऊन येतात, त्यांना मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर प्रवेश नाही. समृद्धीवर नाही, अटल सेतूवर नाही, वांद्रे-वरळी सागरी सेतूवरही नाही. राज्यातले सगळ्यात गुळगुळीत रस्ते दुचाकींना बंद. उरतात ते जुना हायवे, घाट, आणि तालुक्यातालुक्यांना जोडणारे, कधी डांबराचे, कधी डांबर असल्याच्या आठवणीचे रस्ते. खरं सांगायचं तर ही गाडी त्यांच्यासाठीच बनली आहे. त्यामुळे माझी तक्रार नाही. जमीन आधी बघून मग थांबायची सवय तिथे जास्त उपयोगी पडते आणि एकदा लागली की पायी चालतानाही सुटत नाही.

आता हे वाचून कुणी विचारेलच, ‘मग घेऊ का?’ घ्या. पण शोरूमवाला देतो तो सरळ, रिकाम्या रस्त्यावरचा फेरा मारून ठरवू नका. तिथे ती सगळ्यांनाच आवडते. त्याला टाकी भरलेली गाडी द्यायला सांगा, इंजिन बंद करा, उताराकडे नाक करून लावा आणि कुणाची मदत न घेता उलटी बाहेर काढून बघा. मग घरातल्या सगळ्यात बुटक्या माणसाला मागे बसवून एकदा थांबा आणि एकदा निघा. एवढं जमलं तर बिनधास्त पैसे भरा. लडाखचे रस्ते सीमा रस्ते संघटना बघून घेईल. पार्किंगचा उतार तुमचा तुम्हालाच बघायचा आहे.