बोर्ड गेलाय म्हणे!

"साहेब, बोर्ड गेलाय. टाकून द्या." हे वाक्य ज्याने शोधून काढलं त्याला माझा साष्टांग नमस्कार. मीटर नको, विचार नको, बोर्ड गेला!

बाबांचा पेंटियम ३ आम्ही अजून ठेवलाय. इंटेलचा ४४०बीएक्स चिपसेट, विंडोज ९८ सेकंड एडिशन. हौस वगैरे काही नाही. त्यांच्या छापखान्यातली पुस्तकं युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटात त्यात पडलीत, आणि ती उघडणारं सॉफ्टवेअर प्रिंटर पोर्टला डाँगल लावल्याशिवाय हलत नाही. "व्हर्च्युअल मशीनवर टाक की" म्हणणाऱ्या मित्रांनी आधी ते डाँगल चालवून दाखवावं, मग बोलू.

तर जुनं ग्राफिक्स कार्ड मेलं. जुन्या बाजारातून जीफोर्स २ एमएक्स ४०० आणलं, ६४ एमबीचं. आधी व्होल्टेज बघितलं. १९९७चा पहिला एजीपी ३.३ व्होल्टचा, १९९८च्या आवृत्तीत १.५ व्होल्ट आले. चुकीचं कार्ड बसू नये म्हणून तर खाचा असतात. या कार्डाला दोन्ही खाचा, म्हणजे हरकत नाही. मग "डबा उघडलाच आहे तर" म्हणून १२८ एमबी रॅममध्ये आणखी ५१२ घातली. ही चूक शंभर टक्के माझी. दोन गोष्टी एकदम बदलू नका, हे ऑफिसात पोरांना रोज ऐकवणारा मीच!

विंडोज म्हणालं, मेमरी अपुरी आहे. पाचपट रॅम दिल्यावर!

दुरुस्तीवाल्याने पीसीआय कार्ड लावलं, चाललं. दुसरं एजीपी कार्ड लावलं, पुन्हा तेच रडगाणं. निकाल: बोर्ड गेला.

तर्क दिसायला चोख आहे, म्हणूनच डोकं फिरतं. विंडोज ९८मधला व्हीकॅश हा डिस्क कॅशचा ड्रायव्हर सुरू होतानाच रॅम किती ते बघतो आणि कॅश जास्तीत जास्त केवढी वाढेल तेवढे पत्ते अडवून ठेवतो. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. हे रुमाल पडतात ३ ते ४ जीबीच्या पट्ट्यात, जिथे खुद्द विंडोजलाही बसायचं असतं. एजीपीचं अ‍ॅपर्चरही तिथेच, आणि माझ्या बायॉसमध्ये ते होतं २५६ एमबी. रॅम वाढली, रुमाल वाढले, गाडी भरली. रॅम संपलेलीच नव्हती, संपले होते पत्ते! पीसीआय कार्डाला अ‍ॅपर्चर लागत नाही म्हणून ते चाललं. बोर्ड ठणठणीत. यातलं काहीही गुपित नव्हतं, मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलं होतं.

सिस्टिम डॉट आयएनआय फाइलमध्ये व्हीकॅशखाली एक ओळ: मॅक्सफाइलकॅश=२६२१४४. आकडा केबीत, म्हणजे २५६ एमबी. बायॉसमध्ये अ‍ॅपर्चर ६४ केलं. दहा मिनिटं लागली.

जुने बोर्ड खरंच मरतात, नाही म्हणत नाही. २०००नंतरच्या काही वर्षांत निकृष्ट कपॅसिटर फुगून ढिगाने मेले. पण फुगलेला कपॅसिटर नुसत्या डोळ्यांना दिसतो हो! बघा तरी!

आणि दुरुस्तीवाल्याला एकट्याला का बोला? सर्व्हर रडला की रॅम दुप्पट करणारे, नाहीतर रीस्टार्ट मारून "सुटलं" असं लिहिणारे आपणच. पार्ट बदलून चाललं म्हणजे जुना पार्ट वाईट होता, हे कोणी सिद्ध केलं?

असो. बाबांनी फाइल उघडली. पहिल्याच पानावर वेलांटी चुकलेली सापडली, ती आता माझ्याकडून दुरुस्त करून घेतायत.