डोंगरउतारावरील जिराईत द्राक्षें

आपल्याकडे द्राक्षें म्हटलीं कीं विहीर, मांडव व बागाईत हींच डोळ्यांपुढें येतात. जमिनीच्या दप्तरांत द्राक्षबाग जिराईत रकान्यांत लिहिलेली सहसा कोणीं पाहिली नसेल. त्यामुळें पाटपाण्यावांचून ही वेल जगतच नाहीं असा समज रूढ झाला आहे. तो कितपत खरा आहे हें पाहण्यास स्पेन देशांतील कॅटलोनिया प्रांतांतल्या प्रिओरात या डोंगराळ मुलखाचें उदाहरण उपयोगी आहे.

तेथील जमीन म्हणजे पाटीच्या दगडाचा फुटका थर. माती थोडी, आणि उतार इतका कीं पुष्कळ ठिकाणीं यंत्र चालत नाहीं, खेचराकडून मशागत करावी लागते. वर्षाचा पाऊस सुमारें ५०० मिलिमीटर, म्हणजे २० इंच. तरीहि बाराव्या शतकांत तेथें कार्थुसियन पंथाचा मठ झाला तेव्हांपासून द्राक्षांची परंपरा चालत आली आहे. वेलीचीं मुळें दगडांच्या भेगांतून खोल उतरून तेथील ओल घेतात. जुन्या पद्धतीनें वेल मांडवावर न चढवितां झुडुपासारखी आंखूड ठेवितात व दोन वेलींत अंतर सोडतात. पानें थोडीं, म्हणून पाण्याचा खर्चहि थोडा. पण फळहि थोडेंच. जुन्या वेलीस पुष्कळदां किलोभरच द्राक्षें येतात.

एवढ्या उत्पन्नावर शेतकरी जगतो कसा, हा खरा प्रश्न होय. १८३५ सालीं मठाच्या जमिनी सरकारजमा झाल्या. त्या शतकाच्या अखेरीस फिलॉक्झेरा नांवाच्या, मुळें शोषणाऱ्या किडीनें बागा मारल्या. लोक गांवें सोडून गेले व उतार ओसाड पडले. १९८९ सालच्या सुमारास ग्रातालोप्स गांवीं जमलेल्या कांहीं नव्या मद्यकारांनीं उत्तम प्रतीचें मद्य करून तें चढ्या दरानें विकलें, तेव्हां मुलुख सावरला. खडकानें वेल जगविली खरी, पण शेतकऱ्यास जगविलें तें दरानें.

म्हणून आपल्या माळावर पाण्याविना द्राक्षें लावावीं असें आम्ही म्हणत नाहीं. तेथें पाऊस मुख्यतः शरद व वसंत ऋतूंत पडतो, हिवाळ्यांत वेल पानें गाळून निजते, आणि जमिनींत मुरलेल्या ओलीवर उन्हाळा काढून सप्टेंबर-ऑक्टोबरांत फळ देते. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर, फळछाटणी ऑक्टोबरच्या सुमारास, आणि फळ फेब्रुवारी-मार्चांत. म्हणजे फळ वाढण्याचा सारा काळ कोरडा. शिवाय २०२१ ते २०२४ या वर्षांतील अवर्षणांत प्रिओरातमध्येंहि जुन्या वेली वाळल्या. जिराईत वेल कांहीं अमर नव्हे.

घेण्याजोगी आहे ती वेल नव्हे, हिशेब. ज्याच्या वांट्यास मुरमाड उतार आला आहे, त्यानें कर्ज काढून कूपनलिकेमागून कूपनलिका खणावी आणि तेथें द्राक्षांचा मांडव उभारावा, हा हट्ट आम्हांस घातक वाटतो. पाऊस किती व जमीन ओल किती धरते हें पाहून पीक व अंतर ठरवावें. सोलापूर येथें १९३३ पासून कोरडवाहू शेतीचें संशोधन चालत आलें. बांधबंदिस्ती व विरळ पेरणी हीच त्याची जुनी शिकवण. उतारावर समपातळींत ताली घालून सीताफळ, बोर, आंवळा हीं झाडें लावावीं, व पहिलीं दोन-तीन वर्षें तेवढीं घागरीच्या पाण्यानें जगवावीं. फळ थोडें येणार हें धरूनच चालावें, आणि निवडून, प्रतवारी करून, चारचौघांनीं मिळून विकण्याची सोय लागवडीपूर्वीं करावी. विहीर आटली तरी सातबाऱ्यावरील बोजा आटत नाहीं, हें बंधूंनीं लागवडीच्या आधींच ध्यानांत घ्यावें.